मासा लागताच दोरी तुटते? जाड दोरी घेण्याआधी तुटलेलं टोक तपासा

गरीला चांगला मासा लागतो, रॉड वाकतो, दोन-चार सेकंद रील करकरते आणि एकदम दोरी सैल. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. गोव्यात बेतीच्या धक्क्यावर, कुठ्ठाळीला, दोनापावलच्या खडकांवर, साळ नदीच्या मुखाशी बेतूलला, जिथे जिथे संध्याकाळी माणसं गरी घेऊन बसतात तिथे ही तक्रार ऐकू येते. तिच्यावरचा उपायही ठरलेला आहे: दुकानात जायचं आणि आणखी जाड दोरी मागायची.

जाड दोरीनं हा प्रश्न क्वचितच सुटतो, उलट नवे प्रश्न उभे राहतात. जाड तंगुसाला (नायलॉनच्या एकेरी दोरीला) पाण्याची ओढ जास्त लागते. मग आमिष जागेवर ठेवायला शिसं वाढवावं लागतं आणि जड शिसं खडकाच्या फटीत आणखी पक्कं रुतून बसतं. फेक आखूड होते, रीलवर दोरी कमी मावते. खरा दोष गाठीत असेल तर तो नव्या दोरीतही तसाच राहतो, कारण जाड तंगुसाची गाठ नीट आवळून बसवणं जास्त कठीण असतं.

माझ्या मते या दुखण्याकडे नुसतं ‘मासा गेला’ म्हणून बघू नये. दोरी तुटली म्हणजे एक मासा तोंडात गरी आणि मागे दोन-चार हात तंगूस घेऊन गेला. तो तंगूस खारफुटीच्या मुळांत किंवा धक्क्याच्या खांबाला गुंडाळला की माशाची सुटका नसते. म्हणून दोरी का तुटते हे शोधून काढणं हे गरी टाकणाऱ्याचं कामच आहे.

दोरी तुटली की हातात उरलेलं टोक लगेच कापून नवी गरी बांधायची घाई करू नका. आधी ते बघा.

टोक कसं वाचायचं

तंगुसाचं टोक मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. मग शेवटचा हातभर भाग अंगठ्याचं नख आणि तर्जनी यांच्यामधून हळू ओढा. डोळ्यांना न दिसणारे ओरखडे नखाला लगेच कळतात. टोक गरीपासून किती अंतरावर तुटलंय हेही लक्षात ठेवा, कारण तेवढीच महत्त्वाची खूण ती आहे.

शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर स्प्रिंगसारखे कुरळे झाले असतील तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सुटली आहे. दोरी स्वतःच्याच वेढ्यांतून घसरत बाहेर येते तेव्हा घर्षणानं अशी कुरळी होते.

टोक कात्रीनं कापल्यासारखं सरळ, गुळगुळीत असेल आणि गरीपासून वीतभरातच असेल, तर दात.

टोक झिजून पांढुरकं, खरखरीत झालं असेल आणि तसाच खरखरीतपणा वर हातभर लागत असेल, तर खडक, कालवं (खडकाला चिकटून वाढणारे शिंपले) किंवा खांब.

टोक ताणून बारीक झालेलं, निस्तेज दिसत असेल आणि आसपास एकही ओरखडा नसेल, तर दोरीवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त भार आला. म्हणजे बहुतेक ड्रॅगची, म्हणजे ताण वाढला की दोरी सोडणाऱ्या रीलच्या ब्रेकची, गडबड.

आणि दोरी गरीजवळ न तुटता कुठेतरी मध्येच किंवा रॉडच्या जवळ तुटत असेल, तीही दर वेळी वेगळ्या ठिकाणी, तर दोरी जुनी झाली आहे किंवा रॉडवरच्या, दोरी ओवायच्या एखाद्या कडीला धार आली आहे.

ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी अशी वाचता येत नाही. ती कशीही तुटली तरी टोक पिंजल्यासारखंच दिसतं, आणि गाठ सुटली तरी ती तंगुसासारखी कुरळी होत नाही. ब्रेडेड वापरत असाल तर पुढे लावलेल्या लीडरचं, म्हणजे मुख्य दोरी आणि गरी यांच्यामधल्या जाड तुकड्याचं, टोक बघा. लीडरच लावत नसाल तर तुमचा दोष बहुधा तिथेच आहे. त्याबद्दल खाली लिहितोच.

कुरळं टोक: गाठ

अगदी सामान्य कारण हेच, आणि फुकटात दुरुस्त होणारंही हेच. चांगली बांधलेली गाठ दोरीची बरीचशी ताकद राखते. घाईत, अंधारात, कोरडी आवळलेली गाठ निम्मी ताकद घालवू शकते. म्हणजे डब्यावर १० किलो लिहिलेली दोरी प्रत्यक्षात पाच किलोला सुटेल. मग दोष डब्यावर कसा टाकणार?

गाठ आवळण्याआधी ती पाण्यानं किंवा थुंकीनं ओली करा. कोरडा नायलॉन आवळताना घासून तापतो आणि नेमका गाठीपाशी अशक्त होतो. एकदम हिसका न देता हळूहळू, सलग ओढत आवळा. वेढे एकावर एक चढलेले दिसले, तर ती गाठ कापून पुन्हा बांधा. क्लिंच गाठीला (दोरी स्वतःभोवती वेढून मारलेल्या नेहमीच्या गाठीला) साधारण जाडीच्या तंगुसात पाच वेढे हवेत. शेपूट तीन-चार मिलिमीटर ठेवा, अगदी मुळापासून कापू नका.

ब्रेडेडचं शास्त्र वेगळं. ती गुळगुळीत असते, तंगुसासारखी दबत नाही, त्यामुळे साधी क्लिंच तिच्यात घसरते. गरी किंवा स्विव्हलला (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कडीला) पालोमार गाठ मारा. ती सोपी आहे आणि अंधारातही जमते. ब्रेडेडला लीडर जोडायला दुहेरी युनी गाठ शिकून घ्या. एफजी गाठ त्याहून बारीक आणि मजबूत होते, कड्यांमधून सहज निघून जाते, पण ती घरी दिव्याखाली बांधून नेलेली बरी. डोंगीत वाऱ्यावर ती नीट बसणं मुश्कील.

गाठ बांधल्यावर गरी एखाद्या हुकाला अडकवून, हाताला फडकं गुंडाळून जोरात ओढून बघा. सुटायची असेल तर ती तिथेच सुटू दे.

झिजलेलं टोक: खडक, कालवं, मुळं

गोव्यात दोरी जाते ती सगळ्यात जास्त इथे. आपल्या नद्यांची मुखं पाहा. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ, तळपण, सगळीकडे खाऱ्या पाण्याचा शिरकाव आत दूरवर होतो आणि जिथे खारं पाणी पोचतं तिथे प्रत्येक कठीण वस्तूवर कालवं चढतात. धक्क्याचे खांब, जुन्या बांधांचे दगड, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) भिंती, खारफुटीची मुळं, बुडालेली होडी. कालवाची कड किती धारदार असते हे पाय कापून घेतलेल्या कुणालाही सांगायला नको. ताणलेली ब्रेडेड दोरी तिला नुसती टेकली तरी जाते. तंगूस थोडा जास्त टिकतो, पण फार नाही.

आणि मोठे मासे नेमके तिथेच राहतात. तांबसो आणि गोबरो हे मासे गरी लागताक्षणी मागे वळून आपल्या बिळाकडे, मुळांकडे धाव घेतात. पहिल्या दोन-तीन सेकंदांत मासा आत घुसला की पुढे जे ओढणं होतं ते माशाशी नसतं, दगडाशी असतं.

यावर उपाय म्हणजे लीडर. मुख्य दोरी बारीकच राहू द्या आणि पुढे मीटर-दीड मीटर जाड तंगुसाचा किंवा फ्लुओरोकार्बनचा तुकडा लावा. खडकाळ जागेसाठी ०.६० ते ०.८० मिलिमीटर जाडी ठीक. फ्लुओरोकार्बन महाग पडतो, पण घासण्याला जास्त टिकतो आणि पाणी शोषत नाही. फक्त लीडरपुरताच घ्यायचा असल्यानं खर्च आवाक्यात राहतो. दर माशानंतर आणि दर वेळी गरी अडकून सुटल्यानंतर लीडरवरून नख फिरवायचं. खरखर लागली की तेवढा भाग कापायचा आणि गरी नव्यानं बांधायची. यात दोन मिनिटं जातात म्हणून लोक टाळतात, आणि पुढचा मासा त्याच ओरखड्यावर दोरी तोडून जातो.

एकदा धक्क्यावर एका तरुणानं शेजारच्या जुन्या खारव्याला विचारलं, “काका, परत तुटली. आता साठची दोरी घेऊ?” काकांनी उत्तर दिलं नाही, फक्त हात पुढे केला: “पयलीं टोंक दाखय.” टोक नखातून ओढलं आणि मुलाला धक्क्याच्या कडेला नेऊन खाली बोट दाखवलं. पाणी उतरलेलं होतं. तो ज्या रेषेत मासा ओढून वर घेत होता, बरोबर त्याच रेषेत खांबाचा कालवांनी भरलेला पट्टा उघडा पडला होता. मुलगा चार पावलं डावीकडे सरकून बसला. दोरी तीच राहिली.

म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा: आपल्या नेहमीच्या जागेवर एकदा रॉड न घेता जा, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, पूर्ण ओहोटीला. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. एरवी पाण्याखाली असलेलं पुष्कळ काही तेव्हा उघडं पडतं. खडक कुठे संपतो, वाळू कुठे सुरू होते, जुना दोर कुठे गुंतलाय, मासा ओढून आणायला मोकळी वाट कुठून आहे, सगळं दिसतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भरतीच्या वेळी तोच फोटो समोर धरून फेक टाका.

मासा लागण्याआधीच शिसं अडकून दोरी जात असेल, तर शिसं मुख्य दोरीत ओवू नका. तिहेरी स्विव्हल घ्या आणि शिसं एका बाजूला, मुख्य दोरीच्या निम्म्या ताकदीच्या वीतभर तंगुसावर लोंबू द्या. अडकलं की तेवढा बारीक तुकडा तुटतो, शिसं जातं, गरी आणि कधी कधी तिला लागलेला मासाही परत येतो.

अडकलेली गरी सोडवताना रॉड वाकवून हिसके देऊ नका, रॉडचं टोक मोडतं. आधी दोरी पूर्ण सैल सोडा आणि थोडं थांबा. पाण्याची ओढ पुष्कळदा शिसं मागे ढकलते. मग आठ-दहा पावलं बाजूला जाऊन दुसऱ्या कोनातून ओढा. तरीही न सुटल्यास रॉड दोरीच्या सरळ रेषेत धरा, दोरी काठीला गुंडाळा आणि मागे चालत जा. उघड्या हाताला ब्रेडेड कधीही गुंडाळू नका, ती बोट कापते. आणि गरी सोडवायला पाण्यात उतरू नका. कुंभारजुवे कालव्यात तर मुळीच नाही, तिथे मगरी आहेत.

ताणलेलं टोक: ड्रॅग

मोठा मासा गेला की बहुतेकांचा हात आपोआप ड्रॅगच्या चकतीकडे जातो आणि तो आणखी आवळला जातो. ‘सैल होता म्हणून मासा पळाला’ असं वाटतं. खरं तर रील दोरी सोडत होती म्हणूनच तेवढा वेळ मासा टिकला.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढा असावा. ८ किलोच्या दोरीला दोन ते अडीच किलो. हा आकडा हाताच्या अंदाजानं कळत नाही. बाजारात मिळणारा साधा हुकाचा वजनकाटा घ्या. दोरी कड्यांतून ओवून काट्याला बांधा, रॉड मासा लागल्यावर वाकतो तसा वाकवा आणि घरच्यांपैकी कुणाला तरी काटा ओढायला सांगा. रील दोरी सोडू लागते तेव्हाचा आकडा वाचा. थेट रीलवरून ओढून मोजलेला आकडा कमी येतो, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांचं घर्षण त्यात धरलं जात नाही.

इतकं केल्यावरही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मासा दोरी घेऊन लांब गेला की स्पूलवरची (रीलच्या रिळावरची) दोरी कमी होते, त्या गुंडाळीचा व्यास घटतो आणि त्याच ड्रॅगला दोरी ओढायला जास्त जोर लागतो. व्यास निम्मा झाला की जोर दुप्पट. शिवाय पाण्यात पसरलेल्या लांबलचक दोरीचा भार वेगळा. त्यामुळे मासा दूर गेल्यावर ड्रॅग आवळायचा नसतो, उलट थोडा सैल करायचा असतो.

आकडा बरोबर असूनही दोरी तुटते तेव्हा ड्रॅग अडखळतोय का ते बघा. दोरी हातानं अगदी सावकाश ओढा. रीलनं ती सलग सोडली पाहिजे. आधी काहीच नाही आणि मग एकदम झटका, असं होत असेल तर आतल्या चकत्या चिकटल्या आहेत. चोणक मासा पहिली धाव घेतो किंवा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो तो क्षण दोरीला सगळ्यात कठीण. ब्रेडेड तर ताणतही नाही, सगळा झटका थेट गाठीवर येतो.

चकत्या चिकटतात त्या मिठानं आणि आवळून ठेवल्यानं. घरी आल्यावर ड्रॅग आधी आवळा म्हणजे आत पाणी जाणार नाही, मग रीलवर गोडं पाणी हलकेच शिंपडा. नळ जोरात सोडून धुऊ नका, मीठ आणि वाळू आत ढकलली जाते. पुसून सावलीत वाळवा आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा. महिनोन्‌महिने आवळून ठेवलेल्या रीलच्या चकत्या दबून जातात. त्या सुट्या मिळतात, बदलता येतात. त्यासाठी नवी रील घ्यायची गरज नाही.

सरळ कापलेलं टोक: दात

तोणकी, बाळे, इसवण या माशांचे दात तंगूस सहज कापतात. नदीच्या मुखाशी आणि खाडीत आणखी एक दोषी असतो, केंड (पफर फिश). त्याचे दात जुळून चोचीसारखे झालेले असतात. आमिष कुरतडलेलं आणि पाठोपाठ सरळ कापलेली दोरी, असं लागोपाठ घडलं तर केंडांचा थवा आलाय असं समजा आणि जागा बदला. तिथे गरीच्या वर धातूची तार लावून झगडण्यात अर्थ नाही. केंड वर आलाच तर बोटं तोंडापासून लांब ठेवून सोडून द्या. तो विषारी आहे आणि शिजवल्यानं त्याचं विष जात नाही. घरी नेऊ नका, कुणाला देऊ नका.

तोणकी किंवा इसवण हवी असेल तर वीतभर बारीक तार पुरते.

चोणकाचा प्रकार निराळा. त्याला कापणारे दात नाहीत, पण तोंडाची आतली बाजू कानशीसारखी खरखरीत असते आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार. त्यामुळे चोणकानं तोडलेली दोरी दोन तऱ्हांनी येते. गरीला लागून पाच-सहा सेंटिमीटर झिजलेली, नाही तर थोडं वर एकाच ठिकाणी चिरल्यासारखी. दोन्हीवर उपाय तार नव्हे, ०.७० मिलिमीटरच्या आसपासचा लीडर. हाताळतानाही कल्ल्याच्या कडेला बोट लागू देऊ नका. मोठा चोणक बहुधा मादी असतो, कारण हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. शक्य झालं तर असा मासा परत सोडा.

कुठेही तुटणारी दोरी

नायलॉन उन्हानं अशक्त होतो. गाडीच्या मागच्या काचेखाली वर्षभर पडलेली रील, किंवा दुकानाच्या दारात उन्हात टांगलेली रिळं, यांच्यावर विश्वास ठेवू नये. हातभर तुकड्याला साधी गाठ मारून झटका द्या. नव्या दोरीच्या मानानं सहज तुटली तर वरची तीस-चाळीस मीटर काढून टाका. खालची दोरी बहुतेक वेळा चांगली असते, ती उलटी भरता येते.

कड्या तपासायला कापूस पुरतो. प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे चिनी मातीच्या रिंगणाला तडा गेलाय. रॉड खडकावर आपटला की हे होतं आणि डोळ्यांना दिसत नाही. कडी बदलेपर्यंत त्या रॉडला ब्रेडेड लावू नका.

पावसाळ्यात एक कारण वाढतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा नदीकाठी गरी टाकणारे वाढतात. पाणी गढूळ आणि वेगवान असतं, फांद्या आणि जलपर्णीचे गुच्छ वाहून येतात आणि दोरीला लटकतात. डोकं झटकल्याचे धक्के नाहीत, नुसता जड, वाढत जाणारा ताण जाणवला तर तो मासा नाही. रॉड उंच धरा, दोरी सैल सोडा, ओझं पुढे जाऊ द्या. समुद्राकाठच्या खडकांवर मात्र या दिवसांत जाऊच नका. शेवाळ आणि लाटा दोन्ही जीवघेण्या असतात.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. गाठ, लीडर, ड्रॅग आणि दोरी एकदम बदलली तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. काढलेली जुनी दोरी धक्क्यावर किंवा पाण्यात टाकू नका. पाणकावळ्यांचे पाय आणि कासवांचे पंख तिच्यात गुंततात. वीतभराचे तुकडे करून पिशवीत भरा आणि घरच्या कोरड्या कचऱ्यात टाका.